उंदीरवालीनं काम सोडलं त्याची गोष्ट

ये, अशी पुढ्यात बस. लांबून फोनवर खदखदा हसायला तुझं काय जातंय? "मावशी, या वयात राक्षसांचे खेळ खेळतेस?" म्हणालीस, पोट भरून हसलीस, आणि वर "तब्येत बरी आहे ना?" असंही विचारलंस, जशी काही मला घेरीच आली होती. मी नीट सांगायला लागले तर म्हणे, "थांब गं, दुसरा फोन येतोय." तुझा तो दुसरा फोन बरोबर माझ्या गोष्टीच्या मध्येच कसा येतो? म्हणून आता लिहूनच काढते. शाळा माझी चौथीपर्यंतची. पुढचं वाचणं शिकले ते किराण्याच्या पुड्या सोडवून आणि तुझ्या काकांची शेतीची मासिकं चाळून. तेव्हा कुठं घसरले तर सांभाळून घे.

तुझ्या वहिनीला, म्हणजे माझ्या सुनेला, हा खेळ कॉलेजात असताना होस्टेलवर लागला. आता ती कंपनीत मालाचं प्लॅनिंग बघते. आठवडाभर कुणाशी दोन शब्द धड बोलायला सवड नाही, आणि रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आमच्या परंदवडीच्या पडवीत सतरंजी पडते. दोघं जण यायचे. एक तिच्या कंपनीच्या लॅबमधली पोरगी, बडबडी, चार वर्षांत चार कंपन्या बदललेली. दुसरे रेल्वेतले भाऊ, बेगडेवाडीला राहतात, सिग्नलच्या कामावर असतात, चाळिशीचे, मिशा मोठ्या आणि राग नाकावर. तिसरी एक होती ती लग्न होऊन गेली. मग वहिनी मला म्हणाली, "आई, तुम्ही नुसत्या बसा. फासे टाका, बाकी मी बघते."

खेळाला पट नाही की सोंगट्या नाहीत. वहिनी गोष्ट सांगते. जुना काळ, तटबंदीची गावं, मोठाल्या नद्या, जंगलात काय काय लपलेलं. आपण त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. ते माणूस काय करतं ते आपण बोलायचं, आणि ते जमलं का फसलं हे फासे सांगणार. माणसाचं पहिलं कामसुद्धा फासेच ठरवतात. लॅबवालीला जादूगाराची चेली निघाली. भाऊंना नावाडी. मी फासे टाकले आणि वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

"काय गं?"

"आई, रागावू नका हं. उंदीर पकडणारी निघालीय."

"उंदीर?"

"पुन्हा टाकायचे का?" लॅबवाली म्हणाली.

"न्हाई न्हाई," भाऊ म्हणाले, "पडलं ते पडलं. मी नावाडी झालो, मला पोहाया तरी येतं का?"

मला खरं तर फुरंगटून उठायचं होतं. पण वहिनीनं उंदीरवालीचं सामान वाचून दाखवलं: सहा सापळे, एक लांब काठी आणि एक छोटं, चिवट कुत्रं. कुत्रं आहे म्हटल्यावर मी बसले. आणि भाताच्या कणगीतले उंदीर मी सात वर्षांची असल्यापासून मारलेत गं. तिसऱ्या रविवारी त्या गोष्टीतल्या पाटलाच्या कोठारात मी असे काही सापळे लावले की भाऊ म्हणाले, "मावशी, तुमी हे आदी कुटं केलंतं?" मी म्हटलं, "तुमच्या जन्माच्या आदी."

आता यातली जी मेख आहे ती नीट ऐक, कारण तिनंच माझी झोप, जेवण, बसणं सगळं घालवलं. या खेळात माणसाला काम बदलता येतं. पण मनाला आलं आणि बदललं, असं नाही. प्रत्येक कामाचा एक कागद असतो. त्यावर त्या कामातून काय काय शिकायचं त्याची यादी. खेळून खेळून अनुभवाचे गुण मिळतात, ते खर्चून एकेक गोष्ट शिकायची आणि पुढं खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की ते काम पुरं झालं. मग कागदाच्या तळाशी लिहिलेलं असतं की इथून पुढं कुठं जाता येतं. त्या नव्या कामाचं सामान आधी जमवायचं आणि मगच जायचं. यादीत नसलेल्याच कामावर उडी मारायची असली तर दुप्पट गुण. लॅबवाली अशीच उड्या मारायची. एकाच पावसाळ्यात चेली झाली, लेखनिक झाली, भोंदू वैदीण झाली. भाऊ तिला म्हणायचे, "तू कंपन्या बदलतीस तशीच हितं बी बदलतीस." ती म्हणायची, "आणि तुम्ही रिटायर होईपर्यंत वल्हंच मारणार!"

माझ्या उंदीरवालीच्या कागदाखाली पुढची चार कामं होती: रखवालदार, चोर, थडगी उकरणारी आणि गावोगाव फिरून माल विकणारी. मी पहिल्याच दिवशी त्या शेवटच्या नावाखाली नखानं रेघ ओढून ठेवली होती.

आणि आता तुला न सांगितलेलं सांगते. तेव्हा माझंही काम बदलायचं घाटत होतं. खेळातलं नव्हे, खरं.

गुलाबाच्या शेडमध्ये मला एकोणीस वर्षं झाली होती. तू लहानपणी एकदा आली होतीस, थंडी वाजते म्हणून रडली होतीस. पॉलीहाऊसमधून फुलं तोडून यायची, आम्ही बायका लांब टेबलाशी उभ्या राहून काडीची लांबी बघून निवडायच्या. चाळीस सेंटिमीटरची इकडं, पन्नासची तिकडं, साठची वेगळी. खालची पानं काढायची, वीस फुलांचा बंच बांधायचा आणि थंड खोलीत. फेब्रुवारीत तर मान वर करायला फुरसत नाही. हात इतके सरावलेले की काडी उचलली की पट्टी न लावता लांबी कळायची. आणि तिथंच माझं बिनसलं. मला कळेनासंच झालं की आता इथं नवीन काय उरलंय. एकोणीस वर्षं गुलाब हाताळले, पण सगळे कापलेले. मातीत उभा असलेला गुलाब फक्त माझ्या अंगणात, रंगाच्या रिकाम्या डब्यांत. तेही मी काय करायचे, रोज जागा बदलायचे. सकाळी तुळशीकडं, दुपारी पायरीपाशी. तुझा दादा म्हणायचा, "आई, ती झाडं आहेत का पाहुणे? एका जागी बसू दे की त्यांना." बसवतच नव्हतं मला. ना झाडांना, ना स्वतःला.

श्रावणात आमच्या फुलांच्या टेम्पोचा ड्रायव्हर लोणावळ्याहून निरोप घेऊन आला. तुंगार्लीच्या बाजूला एक बंगला आहे, मालकीणबाई शनिवार-रविवारच येतात, चौदा गुलाबाची झाडं आहेत आणि त्यांची नुसती रानं झालीत. गुलाबातलं कळणारी बाई हवी, आठवड्यातून तीन दिवस. जमलं तर शेजारचे दोन बंगलेही मिळतील. मी त्याला म्हटलं, बघते. आणि त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

शेडच्या साहेबांना कुणीतरी कुणकुण लावली. त्यांनी बोलावलं. "मावशी, कुठं जाता आता? तुम्हाला मुकादम करतो. खुर्ची देतो, वही देतो. काम काहीच नाही, कोण किती वाजता आली तेवढं लिहायचं." ज्या बायकांच्या डब्यातलं मी एकोणीस वर्षं खाल्लं त्यांचं उशिरा येणं मी लिहायचं! तुझ्या दादाचं तिसरंच. "आता कशाला गं हे सगळं? घरी बस, आराम कर." घरी बस म्हटलं की माझ्या तळव्यांना मुंग्या येतात. आणि भीती नव्हती असं समजू नकोस. मला फूल निवडता येतं. झाड राखणं मी डब्यांतल्या चार रोपांवर शिकलेली. परक्याच्या चौदा झाडांना हात लावायचा, ती मेली तर? मग शेडही गेलं आणि लोणावळाही. मग राहिलं घरी बसणंच.

तेवढ्यात एका रविवारी वहिनीनं माझा कागद हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुमच्या उंदीरवालीच्या सगळ्या खुणा भरल्या. दोन रविवार झाले. काम बदलत का नाही?"

"बदलीन की. घाई काय?"

"घाई नाही. पण या कामात आता तिला शिकण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही खेळत राहाल, गुण साठत राहतील, पण खर्चायला जागाच नाही. नुसते पडून राहतील."

ती खेळातलंच बोलत होती गं. तिला लोणावळ्याचं तेव्हा ठाऊकही नव्हतं. पण मी चहा ठेवते म्हणून आत गेले, आणि कितीतरी वेळ गॅस न पेटवताच उभी राहिले.

पुढच्याच रविवारी मी घोळ घातला. गणपती नुकतेच उठले होते. गोष्टीत आम्ही नदीकाठच्या गावात पोचलो होतो आणि पहाटे मोठी नाव सुटणार होती. त्या नावेवर भाऊंच्या नावाड्याला तांडेलाच्या, म्हणजे नावेवरच्या मुख्य माणसाच्या, हाताखाली जागा मिळणार होती. तीन महिने ते त्या जागेसाठी झटत होते. खुणा झाल्या होत्या, दोर-होकायंत्र सगळं सामान जमवलं होतं. माझंही गाठोडं तयार होतं. मी फक्त म्हणायचं होतं, "उंदीरवाली आता फिरती विक्रेती झाली," आणि वहिनी जुन्या कागदावर रेघ मारणार होती.

मी म्हटलं, "आणि कुत्र्याचं काय?"

"काय म्हणजे?" वहिनी म्हणाली. "ते जुन्या कामाचं सामान. हवं तर ठेवा, नको तर खोडा."

"खोडा कसं? जितं जागतं कुत्रं आहे. आणि सापळे? मागल्या गावातली ती धोबीण म्हणाली होती ना, तिच्याकडं उंदीर फार झालेत. तिला शिकवून, तिच्या हाती देऊनच मी काम सोडणार."

"मावशी, ते गाव दोन दिवस मागं हाय!" भाऊ ओरडले. "पहाटे नाव सुटणार!"

"तुम्ही व्हा पुढं."

"पुढं कसं? जकातनाक्याचा परवाना तिघांचा मिळून हाय!"

मी हटले नाही. तुला सांगते का. आमच्या शेडमध्ये रीत होती. प्रत्येकीची कात्री आपापली, मुठीला चिंधी गुंडाळलेली. काम सोडून जाणारी बाई आपली कात्री नव्या बाईला द्यायची. आधी दोघींनी मिळून दहा बंच बांधायचे, मग नवीच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायची आणि वर कात्री. मला जिनं दिली तिची बोटं वाकडी झाली होती, लेकीकडं राहायला चालली होती. मुठीवरची चिंधी मी तीनदा बदलली, पण कात्री तीच. तेव्हा माझ्या डोक्यात काम सोडणं म्हणजे हेच. कागदावर रेघ मारून काम सुटतं, हे मला पटेचना.

गेलो आम्ही मागं. धोबिणीला मी सापळे लावायला शिकवले, फाशांनी दोनदा दगा दिला तरी पुन्हा शिकवले. कुत्रं तिच्या दाराशी बांधलं, गोष्टीतल्या गोष्टीत तिच्या हातावर साखर ठेवली. परत येतो तर नाव गेलेली. तांडेलानं भाऊंची जागा दुसऱ्याला दिलेली.

भाऊंचं तोंड लाल झालं. "कागदावरचं कुत्रं! त्याच्यापायी माझं तीन म्हयने पाण्यात! मावशी, रेल्वेत कुनी असं केलं तर सगळी लाईन तुंबंल!"

"का वो भाऊ, तुमी डूटी बदलताना चार्ज न देता घरी जाता का?"

लॅबवाली फस्सकन हसली. भाऊ म्हणाले, "चार्ज द्यावा लागतो, व्हय. पर आमी चार्ज देतो म्हून गाडी थांबत न्हाई." आणि उठून चप्पल घालून निघून गेले. पुढचे कितीतरी रविवार आले नाहीत. मला इतकं वाईट वाटलं! माझ्या हट्टापायी एका माणसाची जागा गेली. खेळातली असली म्हणून काय, तीन महिने तो माणूस कामावरून थेट तिची वाट बघत यायचा.

पण त्यांचं ते गाडी थांबत नाही म्हणणं माझ्यात रुतून बसलं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी गुलाबांचे डबे इकडचे तिकडं केले नाहीत. कात्री पिशवीत टाकली, मूठभर साखर पुडीत बांधली आणि शेडवर जाऊन साहेबांना सांगितलं की दसऱ्यापासून मी येत नाही. ते म्हणाले, "मुकादमकी नको?" मी म्हटलं, "नको. मला माती हवी." त्यांना काही कळलं नाही, पण हात जोडले बिचाऱ्यांनी.

शेवटच्या दिवशी सगळ्यांत नवी जी बाई होती, शिरगावहून यायची, तिच्याजवळ गेले. म्हटलं, ये, दहा बंच बांधू. तिनं बांधले माझ्याबरोबर, हसत हसत. मग मी साखर काढली, कात्री पुढं केली, तर ती गोंधळली. "मावशी, आता साहेब सगळ्यांना लाल मुठीची नवीन देत्यात की. ही लय जड हाय. तुमालाच ऱ्हाऊ द्या." साखर मात्र तिनं खाल्ली. मी कात्री परत पिशवीत ठेवली. काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. रस्ताभर पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत चालत आले. जिच्यासाठी मी भाऊंची नाव घालवली ती रीत माझ्या शेडमधून कधी उठून गेली, मला पत्ताच नव्हता.

लोणावळ्याला पहिल्या दिवशी गेले ती बेगडेवाडीहून सकाळच्या लोकलनं. मळवली गेली की हवा बदलते, ओला वास येतो. बंगल्यात पोचले ती आधी झाडांकडंच गेले. पुरुषभर उंच काटक्या, पानांवर काळे ठिपके, टोकाला एखादं खुरटं फूल. पावसानं सडवलेली सगळी. वॉचमन आबा म्हणाले, "पानी तर मी रोज घालतो." मी म्हटलं, "आबा, तेच नडलंय."

छाटणीचे दिवसच होते. मी जुनी कात्री काढली. बाहेरच्या अंगाचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते ती गाठ, बघायचा आणि त्याच्या वर तिरका काप घ्यायचा. पहिला काप घ्यायच्या आधी तोच डोळा तीनदा तपासला. नंतर मग सुटलेच. चौदाच्या चौदा गुडघ्याएवढी करून ठेवली, बुरशी लागू नये म्हणून कापांवर निळी बोर्डो पेस्ट लावली. शनिवारी मालकीणबाई आल्या आणि गाडीतून उतरल्या उतरल्या उभ्याच राहिल्या.

"हे काय केलंत? झाडं कुठं गेली?"

"झाडं हायत बाई. फांद्या गेल्या."

"मी तुम्हाला राखायला बोलावलं होतं, हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंच्या हातची झाडं होती म्हणे ती. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाताळच्या सुट्टीत माझ्याकडं माणसं येतात. तोवर फुलं दिसली तर ठीक. नाही तर आपण थांबू."

आता तूच सांग, माझं काय झालं असेल. आठवड्यातून तीन दिवस जायचं ठरलेलं, मी चारदा जायला लागले. पहिल्या आठवड्यात काटक्या. दुसऱ्या आठवड्यात काटक्या. दुपारी मध्ये बराच वेळ लोकल नसते, तर तेवढा वेळ एकाच झाडाभोवती घिरट्या. आबा म्हणायचे, "अहो बसा की जरा, बघून बघून ते लाजंल." घरी आले की दादा काही विचारायचा नाही, आणि ते न विचारणंच मला टोचायचं. वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, यादीत नसलेल्या कामावर उडी मारलीत, दुप्पट गुण लागणारच." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या रविवारी भाऊ आले. दारातच म्हणाले, "वयनी, माझा नावाडी अजून धक्क्यावर बसलाय का, का मेला?" माझ्याकडं न बघता सतरंजीवर बसले. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं." ते म्हणाले, "चुकलं तर हायच." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "धोबिणीकडचे उंदीर गेले का पर?" वहिनीनं कागद बघून सांगितलं, गेले. "बरं झालं," म्हणाले. आता माझी विक्रेती गावोगाव फिरून त्यांच्या नावाड्यासाठी दुसरी नाव शोधते आहे. तिच्या खुणा पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या रिकाम्या. मला त्या रिकाम्या रकान्यांचा इतका आनंद होतो, काय सांगू.

आणि परवाची गोष्ट. लोणावळ्यात धुकं होतं. तिसऱ्या झाडाशी वाकले, तर कापाच्या खाली लाल ठिपका. मसुराच्या दाण्याएवढा. मला वाटलं कीड. पदरानं पुसला, गेला नाही. डोळा फुटला होता गं! मग एकेक झाड बघत गेले. संध्याकाळपर्यंत नऊ झाडांवर मोजले. पाच अजून गप्प आहेत. त्यांतलं एक बहुतेक गेलंच, कोपऱ्यातलं. नाताळपर्यंत फूल होईल का, सांगता येत नाही. थंडी लवकर पडली तर लांबेल. बाईंना मी फोन केला नाही. त्यांनी येऊन स्वतःच बघावं.

तर अशी आहे माझी तब्येत, विचारत होतीस ना. आता उगाच फोनवर हसू नकोस. तू स्वतः त्या बँकेत गेली सहा वर्षं कंटाळा, कंटाळा म्हणतेस, तुझा कागद एकदा आपण पसरून बघू की किती खुणा भरल्यात. वहिनी म्हणते पाचवं माणूस चालेल. फासे टाकून काय निघेल ते निघेल, उंदीर निघाले तर मी शिकवीन. शनिवारी ये, सकाळच्या लोकलनं माझ्याबरोबर लोणावळ्याला चल, त्या पाच गप्प झाडांचे डोळे तू बघ, तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. रविवारी दुपारी सतरंजी आहेच. पुढच्या महिन्यात येते म्हणू नकोस. लवकर ये.